समोरचा कठडा

"काल चार झाले होते," मी म्हणाले. "आज पाच करा."

वडील खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता, कोणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. त्यांनी तो एकदा उचलला, दुसऱ्यांदा उचलला, तिसऱ्यांदा अर्ध्यावर आणला आणि सोडून दिला. मग डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी तो मांडीवरून खाली ढकलला, अंगावर बसलेलं मांजर ढकलावं तसा.

"ताता, पाच म्हणाले मी."

"कालचा... नाही," ते म्हणाले. पक्षाघात झाल्यापासून एकेक शब्द त्यांना ओढून काढावा लागायचा. "त्याच्या... आधीचा."

मला कळलं. तीन महिन्यांपूर्वी, सत्तराव्या वाढदिवशी, याच माणसाने चर्चच्या हॉलमध्ये मुठींवर सत्तर जोर काढले होते. दर वर्षी वयाइतके जोर, हा त्यांचा नेम. पोरं मोठ्याने मोजत होती. सत्तरावा झाल्यावर उठून घाम पुसत ते म्हणाले होते, "पुढच्या वर्षी एकाहत्तर." पंधरा दिवसांनी आंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. आता ते त्या सत्तर जोरवाल्याशी झुंजत होते. त्याच्यापुढे पाच वेळा हात उचलणारा म्हातारा कुठे लागणार? म्हणून ते तीन-चारवरच थांबत.

"मग बसा," मी म्हणाले. उकडलेल्या कसाव्याच्या कंदाची ताटली त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली, शेजारच्या लितियाला हाक मारली आणि फॅक्टरीची बस गाठायला निघाले. उसाचा हंगाम होता. साखर कारखान्याच्या चिमणीतून उडालेली काजळी दोरीवरच्या त्यांच्या कमरेला गुंडाळायच्या धुतलेल्या सुलूवर बसली होती. मी ती झटकली नाही. संध्याकाळी पुन्हा धुवावा लागेल हे ठाऊक असूनही झटकली नाही, इतका मला राग आला होता.

हा राग त्या सकाळचा नव्हता.

माझे वडील, आपेनिसा, पॅसिफिकमधल्या आमच्या बेटावर लौटोकाच्या साखर कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होते. पण गावात त्यांना फिटर कोणी म्हणत नसे, मास्टर म्हणत. तरुणपणी बंदरावर महिनोन्महिने अडकलेल्या एका जपानी बोटीवरच्या इंजिनियरकडून ते कराटे शिकले, आणि तेव्हापासून आठवड्यातून तीन संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मुलांना शिकवू लागले. फुकट. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: इथे कोणी कोणाला हरवत नाही.

हॉलमध्ये कधी लढत झाली नाही. प्रत्येकाची एक वही असायची. किती जोर, किती लाथा, एका पायावर किती वेळ उभं राहिलास, ते त्यात लिहायचं. दुसऱ्याच्या वहीत डोकावलं तर कान पिरगाळला जायचा. स्वतःचा आकडा कालच्यापेक्षा कमी आला तर मात्र ते रागावत नसत. वही उघडून कालचं पान आपल्यासमोर धरत आणि काही न बोलता उभे राहत. मला वाटतं, त्यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावाला हे फार आवडायचं. पाद्री म्हणायचे, मास्टरने आमची पोरं मारामारीतून सोडवली. आया म्हणायच्या, पोरगं शांत झालं. माझ्या तेरा वह्या भरल्या होत्या.

मी एकोणीस वर्षांची असताना राजधानी सुवाहून दोन माणसं आली. पॅसिफिक बेटांच्या स्पर्धांसाठी संघ निवडायचा होता. हॉलच्या दारात उभं राहून त्यांनी तासभर मला पाहिलं, मग घरी आले. मी बनची ताटली घेऊन दाराशी उभी होते.

"मास्टर, मुलगी तीन दिवस आमच्याकडे द्या," त्यातला वयस्कर माणूस म्हणाला. "सुवाला चाचणीच्या लढती आहेत. येण्याजाण्याचं आम्ही बघू."

"चहा घ्या," ताता म्हणाले.

"घेतो. पण मुलीचं काय?"

"माझी मुलं कोणाशी लढत नाहीत. त्यांची स्पर्धा स्वतःशी असते. कालच्या स्वतःशी."

"ते ठीक आहे हो. पण ही तिथे जिंकेल. मी वीस वर्षं पोरं बघतोय."

"ती इथे रोज जिंकते," ताता म्हणाले आणि हसले. त्या दोघांनाही हसावं लागलं. पाहुण्यांपुढे बापाच्या बोलण्यात मुलीने तोंड घालायचं नसतं, आमच्याकडे तर नाहीच. मी बन वाढले. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये जाऊन वहीत आकडा लिहिला. तो कालच्यापेक्षा मोठा होता.

माझ्या जागी नांदी गावची मेरेवालेसी गेली. तिला मी एकदा सराव करताना पाहिलं होतं. डावा पाय ती नेहमी उशिरा उचलायची. ती कांस्यपदक घेऊन आली. पेपरात फोटो आला तेव्हा ताता म्हणाले, "चांगली मुलगी आहे." वर्षभराने मी हॉलमध्ये जाणं बंद केलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

लोकांना वाटतं, जिंकायला मिळालं नाही म्हणून मी अशी कडू झाले. जिंकण्याचं सोडा. मी हरले असते तरी चाललं असतं. पहिल्याच फेरीत नाक फुटलं असतं, बसमध्ये रडत परत आले असते. ते हरणं माझं असतं. पण माझ्या वाट्याला हरणंसुद्धा आलं नाही. पंचेचाळीस वर्षांची झाले आणि आयुष्यात एकदाही कोणासमोर उभी राहिले नाही. लग्न झालं, ते टिकलं नाही, ती वेगळी गोष्ट. आई गेल्यावर या घरात परत आले. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या फॅक्टरीत लागले, आता कॉलरच्या ओळीची सुपरवायझर आहे.

त्या दिवशी फॅक्टरीत पोचले तर प्रत्येक मशीनवर एक छोटी पांढरी पाटी लावलेली. पाटीवर आकडा. नवा मॅनेजर सगळ्यांना गोळा करून सांगत होता.

"घाबरू नका कोणी. हा तुमचा कालचा आकडा आहे. शेजारणीने किती शिवले त्याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. तुमची स्पर्धा तुमच्याशीच." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वासिती, तुम्ही जरा मुलींना समजावून सांगा. तुमचे वडील तर हेच शिकवायचे म्हणे."

बायका माझ्याकडे बघत होत्या. पहिल्या मशीनवरची सालानिएता अठ्ठावन्न वर्षांची आहे, थंडीत तिची बोटं वाकत नाहीत. पाटी पुसायचा फडका हातात धरून ती म्हणाली, "म्हणजे रोज वाढवायचं? आणि कधी थांबायचं गं वासिती? कालची मी आज कुठून आणू?"

"आधी शिवायला लाग," एवढंच म्हणाले. आणि दिवसभर कॉलर तपासताना मनात बापाला शिव्या देत राहिले.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून त्यांना हॉस्पिटलमध्ये व्यायामाला न्यायची. व्यायाम घेणारी प्रशिला पंचविशीतली, कामाला चोख आणि स्वभावाने गोड. तिच्या खोलीबाहेर एक लांब कॉरिडॉर होता, चोवीस फरश्यांचा. दोन्ही भिंतींना लाकडी कठडा आणि शेवटी एक बाक. ताता डाव्या भिंतीशी उभे राहत, चांगला डावा हात कठड्यावर ठेवत आणि उजवा पाय फरफटत नेत. चार फरश्या झाल्या की थांबत.

"मास्टर, छान," प्रशिला म्हणायची. "अजून एक. दुसऱ्या कोणाकडे बघू नका. तुमची स्पर्धा कालच्या तुमच्याशी."

पहिल्यांदा ते वाक्य तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी चमकले. "हे कुठे ऐकलंस गं?"

"सगळीकडे लिहिलेलं असतं की ताई. व्यायामशाळेत, टीशर्टवर."

ताता डोळे मिटून उभे होते. पाचव्या फरशीवर त्यांनी पाय टाकला नाही.

तिसऱ्या आठवड्यात बिसुन देव आले. तीस वर्षं टॅक्सी चालवलेला माणूस, बारीक, काळासावळा. त्यांचं डावं अंग गेलं होतं, पण जीभ शाबूत होती, गरजेपेक्षा जरा जास्तच. त्यांना धरायला उजवी भिंत लागायची. म्हणजे दोघं एकाच कॉरिडॉरमध्ये समोरासमोरच्या कठड्यांना धरून उभे, दोघांची मेलेली बाजू मध्ये.

"काय मास्टर, ओळखलं का?" ते म्हणाले. "कारखान्याच्या फाटकावर कित्येकदा गाडी थांबवली तुमच्यासाठी. दर वेळी म्हणायचात, नको, चालणं शरीराला बरं. आता चाला."

ताताने नजर समोरच्या बाकावर ठेवली.

"त्या बाकापर्यंत लावायची का? हरेल त्याच्या घरून पुढच्या वेळी खायला यायचं. माझी बायको रोट्या झकास करते, पण मी काही त्या आणणार नाही, कारण मी हरणार नाही."

"काका, असं नाही करायचं," प्रशिला म्हणाली. "इथे शर्यत नसते."

"तू तुझा कागद भर गं पोरी. आम्ही दोन म्हातारे बघून घेतो." मग ताताकडे वळून त्यांनी डोळा मारला. "का मास्टर, भीती वाटते? फिटर लोक असेच. नटबोल्ट आवळायला बरे, रस्त्यावर टिकत नाहीत."

मला वाटलं, ताता मान फिरवतील. तो माणूस आयुष्यभर अशा आव्हानांवर नुसता हसला होता. दारू प्यालेले खलाशी हॉलच्या दारात येऊन शिव्या देत, तेव्हासुद्धा हसला होता. पण त्यांच्या मानेची शीर टरारली. डाव्या हाताने कठडा आवळला आणि ते निघाले.

त्या दिवशी ते हरले. बिसुनकाका नवव्या फरशीवर पोचले, ताता सातव्यावर थकून थांबले. सात फरश्या. आधी कधी पाच झाल्या नव्हत्या. टॅक्सीत बसताना मी म्हणाले, "सात झाल्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी थट्टाच केली.

"नऊ," ते म्हणाले. "त्याच्या... नऊ."

मंगळवारी मला नारळाचं दूध घातलेले बन करून न्यावे लागले. बिसुनकाकांनी दोन तिथेच खाल्ले. "गोड जरा कमी आहे," म्हणाले, "हरलेल्याच्या हातचं असंच लागतं." बन मी केले होते, पण ताताच चिडले. इतके चिडले की त्या दिवशी अकरा फरश्या चालले. बिसुनकाका तेरा.

त्यानंतर आमच्या घरात एक वेगळाच माणूस राहायला आला. सकाळी मी उठायच्या आत तो खिडकीचा गज धरून उभा असे. जेवताना दुसऱ्यांदा मागून घेई. लितियाला घरातून दारापर्यंत न्यायला लावी, परत आणायला लावी. "आज हात किती वेळा उचलला?" असं मी विचारलं तर हात झटकून म्हणे, "बिसुन... किती?" जणू मी रोज बिसुनच्या घरी हजेरी घ्यायला जात होते.

एकदा तर त्यांनी लबाडी केली. प्रशिला "चला" म्हणायच्या आधीच एक फरशी पुढे सरकून उभे राहिले. बिसुनकाकांनी ते पाहिलं आणि अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे, बघा बघा, मास्टर चोरी करतोय. ज्याने शंभर पोरांना शिस्त लावली तो." तिथे बसलेले सगळे पेशंट हसले. ताताही हसले. अर्ध्या तोंडाने, लाळ गळत होती, पण हसले.

मी हसले नाही. बाकावर बसून त्यांच्याकडे बघत होते. आई जिवंत असतानाही त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. जी गोष्ट त्यांनी मला विष म्हणून दाखवली, तिच्यावरच हा माणूस पुन्हा उभा राहत होता. प्रशिला माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, किती सुधारणा आहे ना?" "हो," मी म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी ते जिंकले. बिसुनकाका वीस फरश्यांवर दम खायला थांबले, आणि ताता त्यांच्याकडे तिरक्या डोळ्याने बघत, पाय फरफटवत, चोविसाव्या फरशीवरून बाकावर जाऊन आदळले. डावी मूठ वर केली. एक नर्स टाळ्या वाजवू लागली, मग सगळेच. बिसुनकाका लांबूनच म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. आता रोट्या आणाव्या लागणार. बायको मला घरात घेणार नाही."

टॅक्सीची वाट बघत आम्ही बाहेरच्या मोठ्या झाडाखाली बसलो. त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं.

"मजा आली?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली.

"खूप?"

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ते माझ्याकडे बघू लागले.

"मलाही आली असती, ताता."

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"एकोणीस वर्षांची होते मी. ती दोन माणसं आपल्या घरात बसली होती आणि मी त्यांना बन वाढत होते. तुम्ही मला एकदा विचारलंसुद्धा नाही. का? मी हरेन असं वाटलं तुम्हाला? माझी लाज वाटेल असं वाटलं?"

त्यांनी डोकं हलवलं. नाही. "जिंकली... असतीस."

"हे तेव्हा माहीत होतं?"

होकारार्थी मान.

"मग?"

प्रशिलाने मला सांगून ठेवलं होतं की त्यांना शब्द सापडेना झाला तर आपण पुरवायचा नाही, वाट बघायची. मी कधी ऐकत नसे, घाई असायची, पटकन वाक्य पुरं करून टाकायची. त्या दिवशी मी एक अक्षर पुरवलं नाही. हनुवटीवरची लाळही पुसली नाही. ते शोधत राहिले. समोरून उसाच्या आगगाडीचे डबे खडखडत गेले, ते संपले, तरी शोधत होते.

"गेली असतीस," शेवटी ते म्हणाले. "सुवा. मग... आणखी लांब. आई... आजारी. घरात... कोण?"

एवढंच. सव्वीस वर्षं मी एका तत्त्वाशी भांडत होते. निदान त्यांचा त्यावर विश्वास आहे, असं समजून भांडत होते. मनातल्या मनात कितीदा त्यांच्याशी वाद घातला, कितीदा हरले, कारण भिंतीवर लिहिलेल्या त्या वाक्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नव्हतं. आणि मागे तत्त्वबित्त्व काही नव्हतंच. घरात रांधायला, आईला न्हाऊ घालायला एक बाईमाणूस हवं होतं.

"आणि ती बाकीची मुलं?" मी विचारलं. "त्यांनाही खोटंच सांगितलंत?"

"त्यांना... खरं," ते म्हणाले. त्यांचा डावा डोळा भरून आला होता, उजवा तर सतत पाझरतच असे. "तुला... नाही."

माफ कर असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. टॅक्सी आली. मी त्यांचा उजवा पाय उचलून आत ठेवला आणि दार लावलं. जरा जोरातच लावलं.

पुढचे पंधरा दिवस मी सगळं केलं. आंघोळ, औषधं, कसावा, मासळीचा रस्सा, मंगळवार, शुक्रवार. फक्त बोलले नाही. हात किती वेळा उचलला हे विचारलं नाही. लितिया कुंपणावरून म्हणाली, "काय गं, बापलेकीत काय झालंय?"

"काही नाही," मी म्हणाले. "त्याला सव्वीस वर्षं झाली."

फॅक्टरीत मात्र मी एक केलं. सालानिएताच्या मशीनवरची पाटी काढून माझ्या खणात टाकली. मॅनेजरने विचारलं तेव्हा म्हणाले, "पडली. लावते." आणि लावली नाही. त्याने दोनदा आठवण केली, मग माझ्या नावाने एक मेमो काढला. त्यात लिहिलं होतं की माझं काम पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मी सही करून कागद परत दिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी कॉरिडॉरमध्ये बिसुनकाका नव्हते. ताता त्यांच्या जागेवर, डाव्या कठड्याशी, उभे राहून दाराकडे बघत होते. त्यांनी घरून निघताना मला कपाटातला नवा शर्ट काढायला लावला होता. त्या दिवशीची शर्यत निकालाची होती, जिंकण्याहरण्याचा हिशेब बरोबरीत आला होता, हे मला बिसुनकाकांच्याच तोंडून कळलेलं.

प्रशिलाने मला खोलीत बोलावलं. "ताई, काकांना बुधवारी दुसरा झटका आला. घरीच गेले. काल सगळं उरकलं." तिचे डोळे सुजले होते. "मास्टरना आज नको ना सांगायला? आज चालू देत, मग हळूहळू..."

"नको," मी म्हणाले. आमच्या घरात गोष्टी हळूहळू सांगून, न सांगून काय होतं ते मी पाहिलं होतं. मी बाहेर आले आणि ताताच्या समोर उभी राहिले. पंधरा दिवसांनी त्यांच्याशी बोलले ते हे.

"बिसुनकाका गेले. बुधवारी."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे. तिथला कठडा हात लागून लागून मधोमध गुळगुळीत झाला होता. ते तसेच उभे राहिले. गुडघा थरथरायला लागला तेव्हा मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी डाव्या हाताने बाजूला सारली. पण पायही उचलला नाही.

प्रशिला डोळे पुसून आली. तिने तिच्या परीने चांगलंच करायचं ठरवलं होतं. "मास्टर, काकांना आवडलं असतं ना तुम्ही चाललेलं? गेल्या वेळी पूर्ण चोवीस झाल्या. आज थोडं लवकर पोचायचं बघू. तुमची स्पर्धा..."

"प्रशिला," मी म्हणाले. "ते वाक्य नको."

ताता खाली बघत होते. ते आता घरी जातील, खिडकीपाशी बसतील, तीनदा हात उचलून तो मांडीवरून खाली ढकलतील, हे मला समोर दिसत होतं. दिसत होतं आणि संताप येत होता. त्यांच्यावर, बिसुनकाकांवर, त्या पांढऱ्या पाटीवर, माझ्या तेरा वह्यांवर. मी पिशवी बाकावर नेऊन ठेवली. सँडल काढल्या. परत आले आणि उजव्या भिंतीशी, कठड्यावर हात ठेवून उभी राहिले.

"ताई, तुम्ही?" प्रशिला म्हणाली.

"मी."

ताताने मान वळवली. माझे अनवाणी पाय, मग गुडघे, मग चेहरा, असं खालून वर पाहिलं. हॉलमध्ये ते असंच पाहायचे, उभं राहणं बरोबर आहे की नाही ते. पुष्कळ वेळ त्यांचे ओठ हलत राहिले.

"मुद्दाम... हरू नको," ते म्हणाले.

"हरणार नाही."

प्रशिला काही बोलायला तयार नव्हती, म्हणून मीच "चला" म्हणाले.

मी हळू चालले नाही. रोजच्यासारखी, बस पकडायची असल्यासारखी चालले. कठड्याला हात लावायची मला गरज नव्हती, म्हणून लावला नाही. मशीनवर बसून कंबर धरलेली असते, पण पायांना अजून आठवत होतं. चोवीस फरश्या कधी संपल्या कळलंही नाही. बाकापाशी जाऊन मी वळले तेव्हा ते तिसऱ्या फरशीवर होते.

बाजूला बसलेली एक म्हातारी च्च च्च करत म्हणाली, "बापाशी असं वागतात का?"

मी सरळ उभी राहिले, पाय खांद्याइतके दूर, हात बाजूला. मला हुंदका येत होता आणि मी तो येऊ देत नव्हते. ताताच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. हात पुढे केला नाही.

चौथी फरशी. पाचवी. त्यांची सपात फरशीवर घासत होती. मध्ये एकदा ते थांबले, भिंतीला टेकले, प्रशिला धावली, तर तिला मानेनेच दूर केलं. शर्टाची पाठ भिजली होती. सहावी. सातव्या फरशीवर त्यांनी मान वर केली आणि बाकाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. बघत राहिले, आणि पुढचा पाय टाकला.

मी जागची हलले नाही.